कुलूप उघडते, पण पेटी काही ठेवू देत नाही!

घराचे खरेदीखत, विम्याचे कागद, आजोबांचे वैद्यकीय अहवाल, मुलांच्या गुणपत्रिका... पूर्वी लोखंडी ट्रंकेत राहणारा हा ऐवज आता अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतो. तो हरवला तर कोणाच्याही हाती लागू नये म्हणून जाणकार मंडळी त्याला सांकेतिक कुलूप लावतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीत त्यासाठी 'लक्स' नावाची पद्धत रूढ आहे. ती क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४ साली तयार केली. पासवर्ड दिला की पेटी उघडते, नाहीतर आत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

पण कधी कधी विचित्र प्रकार घडतो. पासवर्ड बरोबर असतो, कागद दिसतात, वाचताही येतात. मात्र नवा कागद ठेवू गेले की संगणक नकार देतो. पेनड्राइव्ह 'फक्त वाचण्यासाठी', म्हणजे 'रीड-ओन्ली' झालेला असतो. अशा वेळी पुष्कळजण घाबरून तो फॉरमॅट करून टाकतात आणि होते नव्हते ते गमावून बसतात.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नक्कल करण्याचे. वाचता येते आहे तोवर सारे कागद दुसऱ्या सुरक्षित जागी उतरवून घ्यावेत. पेनड्राइव्ह शेवटच्या घटका मोजत असेल, तर ही संधी पुन्हा मिळेलच असे नाही.

त्यानंतर शोध घ्यावा. येथे तीन थर आहेत : सर्वांत खाली पेनड्राइव्ह ही वस्तू, त्यावर सांकेतिक कुलूप, आणि कुलपाच्या आत फायलींची मांडणी. बिघाड नेमका कोणत्या थरात आहे हे न पाहता उपाय केला, तर 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' अशी गत होते. टर्मिनलच्या खिडकीत 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली की सर्व डिस्कची यादी येते. तीत 'आरओ' नावाचा रकाना असतो. तेथे १ असेल तर लिहिण्यास बंदी, ० असेल तर मुभा.

पेनड्राइव्हच्याच ओळीत १ दिसला, तर दोष वस्तूत आहे. काही पेनड्राइव्हना आणि कार्डाच्या अडॅप्टरना बाजूला लहानशी खिट्टी असते. ती सरकलेली नाही ना, हे पाहावे. खिट्टी नसेल, तर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर पेनड्राइव्हचे आयुष्य सरत आले आहे असे समजावे. त्यातील स्मृतिपेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. त्या निकामी होऊ लागल्या, की काही पेनड्राइव्हमधील नियंत्रक चिप स्वतःहून लिहिणे थांबवते. त्यावर इलाज नाही. नक्कल झाली असेल तर नवा घ्यावा.

पेनड्राइव्हच्या ओळीत ०, पण उघडलेल्या कुलपाच्या ओळीत १ असेल, तर कुलूपच 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून उघडले गेले आहे. ते बंद करून पुन्हा नेहमीप्रमाणे उघडावे.

दोन्हीकडे ० असेल, तर दोष आतल्या मांडणीत शोधावा. लिहिणे चालू असताना पेनड्राइव्ह उपटून काढला, की मांडणी अर्धवट राहते. पुढच्या वेळी विसंगती आढळली, की आणखी नुकसान नको म्हणून लिनक्स लिहिण्याचे दार बंद करतो. हा हट्ट नव्हे, सावधगिरी आहे. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली, की संगणकाची रोजनिशी दिसते आणि तीत बहुधा कारण नोंदलेले सापडते. दुरुस्तीसाठी 'डिस्क्स' हा कार्यक्रम उघडावा. कुलूप उघडेच ठेवून आतला विभाग 'अनमाउंट' करावा आणि त्याच्या यादीतून 'रिपेअर फाइलसिस्टीम' निवडावे. ही दुरुस्ती आतल्या विभागावरच करायची. बाहेरच्या कुलूपबंद विभागावर नव्हे.

एक चकवाही ध्यानात ठेवावा. संदेश 'रीड-ओन्ली'चा नसून 'परमिशन डिनाइड' असा असेल, तर बिघाड काहीच नाही. लिनक्सच्या 'ईएक्सटी४' मांडणीत प्रत्येक फायलीवर मालकाचा क्रमांक असतो. दुसऱ्या संगणकावर आपला क्रमांक वेगळा असला, तर आपणच परके ठरतो. 'चोन' या आज्ञेने मालकी बदलली, की काम होते.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. लक्सचे कुलूप लावलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला, तर त्याला ते कळत नाही आणि 'हा फॉरमॅट करायचा का?' असे तो विचारू शकतो. घरातल्या कोणी भाबडेपणाने 'हो' म्हटले, की पेनड्राइव्हच्या सुरुवातीचा शीर्षभाग पुसला जाऊ शकतो. आतली खरी किल्ली पासवर्डने बंद करून तेथेच ठेवलेली असते. ती गेली, की बरोबर पासवर्ड ठाऊक असूनही काही उपयोग होत नाही; जगातला कोणताही तज्ज्ञ ते कागद परत आणू शकत नाही.

यासाठी 'क्रिप्टसेटअप' या कार्यक्रमातील 'लक्स हेडर बॅकअप' या सोयीने शीर्षभागाची प्रत काढून निराळ्या जागी जपावी. २०१९ पासून रूढ झालेल्या 'लक्स २' प्रकारात हा भाग साधारण १६ मेगाबाइटचा असतो. ही प्रतही पासवर्डइतकीच सांभाळावी, कारण पुढे पासवर्ड बदलला तरी जुन्या प्रतीला जुना पासवर्ड चालतो.

बाकी रोजची शिस्त साधी आहे. काम संपल्यावर 'इजेक्ट' म्हणावे, काढण्याची परवानगी मिळेपर्यंत थांबावे आणि महत्त्वाचा कागद कधीही एकाच पेनड्राइव्हच्या भरवशावर ठेवू नये. पासवर्डही घरातील एका विश्वासू माणसाला ठाऊक असावा. नाहीतर अडचणीच्या वेळी कागद असतील, पण ते उघडणारे कोणी नसेल.