भुसा जाळायचा आणि चारा विकत आणायचा?

इंदूर, देवास, धारकडे आपल्यातल्या अनेक जुन्या घरांची जमीन आजही बटाईवर आहे. गव्हाची पोती घरी पोहोचली की मालकाचा हिशेब मिटतो. मागे शेतात नरवाई पेटते, तिचे काय?

नरवाई हा कचरा नव्हे, गुरांचा चारा आहे. हार्वेस्टर लोंब्या नेतो, देठ उभे राहतात. एकरी 16 क्विंटल गहू धरा. भुसाही निदान तेवढाच. 5 एकरांत 80 क्विंटल. स्ट्रॉ रीपरने निम्मा हाती लागला, तरी रोज 5 किलोप्रमाणे 2 गाईंचे वर्ष निघून वर उरतो. त्यासाठी वेगळी जमीन नको, पाणी नको, खत नको. तो जाळून गोठेवाल्याने लांबून ट्रकने चारा आणायचा, हा कुठला व्यवहार? भुशात कस कमी, जोडीला पेंड लागतेच, हे मान्य. म्हणून काडी लावायची?

मध्य प्रदेशात 2017 पासून नरवाई जाळण्यास बंदी आहे. जाळणाऱ्याचा गहू हमीभावाने घेणार नाही, असेही सरकारने 2025 मध्ये जाहीर केले. धाक सगळा कसणाऱ्याला! खरी अडचण रीपरच्या भाड्याची आहे. बटाईत धान्याचे वाटे ठरतात. हे भाडे कोणी द्यायचे ते ठरत नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पुढच्या बोलणीत निम्मे भाडे मालकाने द्यावे, भुसा कसणाऱ्याच्या गोठ्यात जावा, आणि हे दोन्ही कागदावर यावे.