खंजीर पाठीत नव्हताच!

"चीनने आपल्या पाठीत खंजीर खुपसला" हे वाक्य आता पुरे झालं राव! २०२० मध्ये गलवान झालं तेव्हा आमच्या मीरा-भाईंदरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हेच फिरत होतं. अजूनही बासष्टचा विषय निघाला की एखादे काका हेच ऐकवतात. अहो, पाठीत वार कधी होतो? आपण बेसावध असताना. पण आपल्याला तर आधीच सांगितलं होतं! आणि सांगणारा माणूस आपल्या कोल्हापूरकडचा होता.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६, शिक्षण सँडहर्स्टला, १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईसाठी डीएसओ. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणारे हजारो चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी सांभाळायला भारतीय दल गेलं, त्याचे हे प्रमुख. चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला ओलीस धरलं, तेव्हा हा गृहस्थ स्वतः त्यांच्या कुंपणात शिरला आणि त्याला सोडवून घेऊन आला. असा माणूस उगाच घाबरून ओरडेल का?

१९५७ ते १९६१ ते पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते. १९५९ मध्येच त्यांनी लेखी कळवलं, की चीन नेफात उतरला तर आहे त्या फौजेनिशी आपण त्याला अडवू शकणार नाही. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा मांडलं. सीमेवर पहाऱ्यापुरत्या चौक्या ठेवा, खरी लढाई मागे आपल्या सोयीच्या जागी द्या, असं त्यांचं म्हणणं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही उगाचची भीती वाटली. पुढे झालं उलटंच. थंडीचे कपडे आणि दारूगोळा पुरेसा नसताना जवान पुढे धाडले गेले. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला आणि महिन्याभरात बोमडिला पडलं.

आता कोणी म्हणेल, थिमय्यांनी शिफारस करूनही थोरातांना लष्करप्रमुख केलं नाही, हाच अन्याय. मला तो मुद्दा फारसा पटत नाही. थापर सेवाज्येष्ठ होते, नियम म्हणून ते ठीकच. थोरात प्रमुख असते तर जिंकलोच असतो, असंही मी म्हणणार नाही. पण कागद वाचायला खुर्ची बदलावी लागत नाही हो! कागद जुनेच होते, फक्त ते मनावर घेणारं कोणी नव्हतं.

म्हणून 'विश्वासघात' हा शब्द मला खटकतो. तो वापरला की सगळा दोष हिमालयापलीकडे ढकलता येतो आणि दिल्लीतल्या फायलींबद्दल कोणी विचारत नाही. चीनने आक्रमण केलं, त्याचं पाप त्याच्या माथी आहेच. पण इशारा देणाऱ्याला भित्रा ठरवणं हे पाप आपलं.

तेव्हा काका, पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी त्यात थोरातांचं नाव तेवढं घाला. बघू, किती जण "हे कोण?" म्हणून विचारतात ते!