अपराध मुलाचा, दंड पालकांचा

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने प्रथम घातलेल्या जामिनाच्या अटींत अपघातांवरील तीनशे शब्दांचा निबंधही होता. अध्यापक असताना असे निबंध आम्ही ढिगाने तपासले आहेत; त्यांमुळे कोणी सुधारल्याचे स्मरत नाही. लोक संतापले आणि ‘बापास धरा’ असा पुकारा झाला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या पुकाऱ्याचा.

कायदा याबाबत मुका नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे १८ वे कलम मंडळास पालकांकडूनही दंड घेण्याचा अधिकार देते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९-अ त्याहून कठोर आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, की पालक वा वाहनमालक दोषी असेच ते गृहीत धरते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड. आपणांस ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करावयाचे. ज्याने किल्ली हाती दिली त्यास जाब विचारणे आम्हांस सर्वथा रास्त वाटते.

परंतु पंचवीस हजार! कोट्यवधींची मोटार बाळगणाऱ्या घरी ही रक्कम एका मेजवानीची. पाळीवर जाणाऱ्या कामगाराची दुचाकी त्याच्या मुलाने बाहेर काढली, तर तीच रक्कम त्या घराचे दोन महिने. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड मिळकतीच्या मानाने ठरतो. आमच्या विधिज्ञांस हे अवघड का वाटावे?

शिवाय प्रत्येक गुन्ह्यामागे किल्ली देणारा हात नसतो. पहाटेच चार घरची धुणीभांडी करावयास निघणाऱ्या बाईच्या मुलाने कोणाचा मोबाईल लांबविला, तर तिच्याकडून दंड घेणे म्हणजे धाकट्या भावंडांच्या शाळेचे पैसे नेणे होय. त्याच १८ व्या कलमात मुलाचे व पालकांचे समुपदेशन सांगितले आहे. मंडळांनी तेथे तो मार्ग धरावा.

आणि दंड जातो कोठे? शासनाच्या तिजोरीत. त्यातून पीडितांस भरपाई देण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयांस आजही आहे. संसदेने १९९-अ मधील ठराविक आकडा काढून दंड पालकाच्या मिळकतीशी जोडावा, आणि तो प्रथम मृतांच्या आईबापांकडे जाईल अशी तरतूद त्याच कलमात करावी.