गुनाह, गुन्हा आणि कलम २५०

आपण घरात ‘गुनाह’ म्हणतो आणि कोर्टात ‘गुन्हा’. मूळ फारसी शब्द एकच, पण हिशेब वेगळे. गुनाहचा जाब अल्लाहपुढे द्यायचा, गुन्ह्याचा न्यायाधीशापुढे. मॉरिशसमधला एक खटला वाचताना हा फरक पुन्हा आठवला.

मॉरिशस हा हिंदी महासागरातला छोटासा आफ्रिकी देश. तिथे हिंदू सर्वांत जास्त, त्यांत मराठी घराणीही आहेत. मुसलमान सुमारे १८ टक्के. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम २५० प्रमाणे दोन सज्ञान पुरुषांनी राजीखुशीने ठेवलेल्या शरीरसंबंधालाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत असे. दुसरीकडे, २००८ च्या समान संधी कायद्याने समलिंगी म्हणून कुणाला नोकरीत डावलण्यास मनाई केली होती. म्हणजे कचेरीत संरक्षण आणि घरात तुरुंगाची टांगती तलवार!

२०१८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत समलिंगी हक्कांसाठी मोर्चा निघणार होता. शेकडो विरोधक रस्त्यावर उतरले, ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि मोर्चा रद्द झाला. पुढच्याच वर्षी अब्दुल रिदवान फिरास आह सीक यांनी कलम २५० ला आव्हान दिले. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सज्ञान पुरुषांमधील खासगी, संमतीच्या संबंधांना हे कलम लागू करणे घटनाबाह्य आहे. हे कलम मॉरिशसच्या मातीतल्या मूल्यांतून आलेले नाही, ते इंग्रजी राजवटीचा वारसा आहे, असेही न्यायालयाने म्हटले. भारतातले कलम ३७७ ही इंग्रजांचेच होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले.

या निकालाने मॉरिशसमध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळालेली नाही. कोणत्याही मशिदीतला खुतबाही बदललेला नाही. उलेमांचे मत त्यांच्या जागी आहे. बदलले ते एवढेच, की आता या कारणासाठी पोलीस कुणाला तुरुंगात टाकू शकत नाहीत.

पण पोलिसांची भीती गेली तरी घरच्यांची भीती उरते, आणि ती कोणतेही न्यायालय रद्द करू शकत नाही. उद्या एखादा मुलगा आईजवळ बसून हे मनातले बोलला, तर? त्याला मारझोड करायची, घराबाहेर काढायचे, की आधी शांतपणे ऐकून घ्यायचे? ‘लग्न केले की सुधारेल’ म्हणून अनेक आई-वडील घाईघाईने स्थळ पाहतात. काहीच ठाऊक नसलेली मुलगी त्या घरात येते आणि आपलेच काही चुकले असेल म्हणून वर्षानुवर्षे कुढत राहते.

मुलाच्या मनाचा हिशेब अल्लाह जाणतो. पण परक्याच्या लेकीला फसवून निकाह लावणे, हा आपल्या हातून घडलेला गुनाह आहे. त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.