मोटरची पाटी आधी वाचा



गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या दोघांनी आणि ब्लॉगवरच्या तीन मित्रांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरच्या लेथला व्हीएफडी बसवायचा आहे, कुठल्या कंपनीचा घेऊ? मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मास्तरला हा प्रश्न कशाला, असे कुणाला वाटेल. कारण एवढेच, की आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुतण्याचा एक जुना लेथ आहे. पुतण्या आयटीआय झालेला. ड्राइव्हचे इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचायचे काम माझ्याकडे आले आणि मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. निवृत्त माणसाला वेळ असतो!

माझे मत आधीच सांगून टाकतो. कंपनी कुठली, एचपी किती आणि किंमत काय, हे तीन प्रश्न शेवटी विचारावेत. घरात वीज कोणती येते, मोटरच्या पाटीवर काय लिहिले आहे आणि गेलेली लाईट परत येते तेव्हा मशीन काय करणार, हे तीन प्रश्न आधी. त्यातला तिसरा सर्वांत मोठा, कारण तिथे हाताच्या बोटांशी गाठ आहे.

ज्यांना यातले काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेणारी. १२० ला ५० ने गुणून मोटरच्या पोलच्या संख्येने भागले की मोटरमधल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग मिळतो. चार पोलची मोटर असेल तर मिनिटाला १५०० फेरे. प्रत्यक्षात मोटर थोडी मागे राहते, म्हणून पाटीवर १४४० च्या आसपास आकडा दिसतो. वेग बदलायचा तर पुली बदला, गिअर बदला, नाहीतर विजेचे हर्ट्झच बदला. व्हीएफडी हे शेवटचे काम करतो. आलेल्या विजेची तो आधी डीसी करतो आणि मग तिचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या हर्ट्झची तीन फेजची वीज तयार करतो. हर्ट्झ कमी केले की व्होल्टही त्याच प्रमाणात उतरवतो. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ साली असे ड्राइव्ह मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. तेव्हा ही कारखान्यातली वस्तू होती, आता ती डब्याएवढी होऊन घरात आली आहे.

याचे मोठे रूप आपल्या रेल्वेत आहे. रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्टची एकच फेज असते. आजच्या वीज इंजिनात तिची डीसी होते, मग तीन फेज होतात आणि त्यावर मोटरी फिरतात. लातूरजवळ हरंगुळला ज्या रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली, तिथे ज्या वंदे भारत स्लीपर गाड्या बांधायचे ठरले आहे, त्यांचे तत्त्वही हेच. शेडमधल्या एक एचपीच्या लेथचे आणि त्या गाडीचे असे नाते आहे.

आता पहिला प्रश्न, विजेचा. जळकोटसारख्या गावात बहुतेक घरांत सिंगल फेज असते. शेतावर थ्री फेज असते, पण तिची पाळी ठरलेली. घरी थ्री फेजचे कनेक्शन मागता येते, पण मग बिलातला स्थिर आकार वाढतो. तासभर चालणाऱ्या हौशी मशीनसाठी तो भुर्दंड दर महिन्याला कशाला सोसायचा? काही जण शेतातल्यासारखे कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर एका फेजवर ओढतात. तसे केले की मोटरच्या तिन्ही गुंडाळ्यांवर सारखा भार येत नाही, मोटर तापते आणि शेवटी रिवायंडिंगवाल्याकडे जाते. म्हणून माझ्या मते आपल्याकडे व्हीएफडीचा पहिला उपयोग घरातल्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर नीट चालवणे हा आहे. वेग कमी-जास्त करता येतो, तो वरचा नफा. घेताना मात्र सिंगल फेज इनपुटचाच घ्यावा. थ्री फेज इनपुटचा स्वस्तात मिळाला म्हणून आणलात, तर पुष्कळसे ड्राइव्ह फेज नाही म्हणून बंद पडतात. ज्यांचे माहितीपुस्तक परवानगी देते, तेही साधारण दुप्पट क्षमतेचे घ्यावे लागतात.

आणि हो, मशीनला आधीपासून कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर असेल तर तिला हा ड्राइव्ह जोडायचा नाही. तिच्यातला कपॅसिटर आणि वेग आल्यावर उघडणारा स्विच या दोघांचे याच्याशी जमत नाही. तिथे खर्च मोटर अधिक ड्राइव्ह असा धरावा. त्या मोटरवर तुमचे काम भागत असेल आणि दिवसातून दोनदाच वेग बदलावा लागत असेल, तर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाका आणि पैसे वाचवा. हेही माझे मतच आहे, दुकानदाराला ते आवडणार नाही!

दुसरा प्रश्न पाटीचा. सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह बाहेरही तीन फेजमध्ये २३० च्या आसपासच देतो. आपल्याकडची लहान मोटर मात्र ४१५ व्होल्टची आणि आतून स्टार जोडणीची असते. ४१५ ला १.७३ ने भागा, २४० येतात. म्हणजे हीच मोटर डेल्टा जोडली की ती आपल्या ड्राइव्हवर बरोबर बसते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असतील तर काम सोपे, पट्ट्या बदलल्या की झाले. तीनच असतील तर स्टारचा सांधा आत गाडलेला असतो. चांगला रिवायंडिंगवाला तो उघडून सहा वायरी बाहेर काढून देतो, ते त्याच्याकडूनच करून घ्यावे. पाटीवर ४१५ पुढे डेल्टा लिहिले असेल, तर ही युक्ती चालत नाही. तशी मोटर या ड्राइव्हवर साधारण २९ हर्ट्झपर्यंतच पूर्ण जोर देईल.

पाटीवरचे अँपिअरही पाहावेत. स्टारमध्ये ४१५ ला १.८ अँपिअर घेणारी मोटर डेल्टात २४० ला ३.१ घेते. ड्राइव्ह या आकड्यावरून निवडावा, एचपीवरून नव्हे, आणि थोडा वरचाच घ्यावा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय उकाडा असतो ते सांगायला नको. ड्राइव्ह किती तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो तो आकडा पुस्तकात असतो. कुणाचा ४० अंश, कुणाचा ५०. विकत घेण्यापूर्वी तो विचारा. ड्राइव्ह लेथपासून दूर, कीस उडणार नाही पण वारा लागेल असा बसवा.

वेगाबद्दल एक सांगायचे राहिले. ड्राइव्ह आला म्हणून पुल्या काढून फेकू नयेत. १० हर्ट्झवर मोटरची ताकद पाचव्या हिश्शावर येते आणि तिच्या शेपटीचा पंखाही हळू फिरतो, म्हणून ती तापते. जड कामाला पट्टा हळू पुलीवरच हवा. ५० च्या वर नेताना चकवर लिहिलेली वेगाची मर्यादा बघावी.

आता तिसरा प्रश्न. शेतात पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ लावतात हे आपण सगळेच जाणतो. रात्री पाळीची लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो, शेतकऱ्याला थंडीत उठावे लागत नाही. तिथे ते सोयीचे आहे. तीच सवय लेथला लागली तर? लाईट गेली म्हणून माणूस चकमध्ये हात घालून जॉब बदलतो आहे, चावी चकमध्येच आहे आणि अचानक लाईट येते! ड्राइव्हचा चालू-बंद साधा खटक्याचा असेल आणि तो चालूकडेच राहिला असेल, तर काही ड्राइव्ह वीज येताच मोटर फिरवतात. हे सेटिंगवर ठरते. म्हणून परत वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याचे सेटिंग ज्यात स्पष्ट आहे आणि ज्याला दाबून सोडायची चालू आणि बंदची वेगळी बटणे जोडता येतात, तोच ड्राइव्ह घ्यावा. हजार रुपये जास्त लागले तरी चालतील. जी गावे रोज दोनदा लाईट जाण्याला सरावली आहेत, तिथे या एका गुणाची किंमत बाकी सगळ्या गुणांपेक्षा जास्त आहे.

ही सूचना त्या माहितीपुस्तकात होती, पण इंग्रजीत आणि बरीच आत. मशीन चालवणारी पोरे आयटीआय झालेली, मराठी वाचणारी. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपन्यांनी निदान धोक्याचे एक पान मराठीत द्यावे, असे मला मनापासून वाटते. ते मिळेपर्यंत मी आमच्या शेडपुरते चार ओळींचे पान लिहून भिंतीला लावले आहे:

चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडू नये.
लाईट गेली की आधी मेन बंद, मग जॉबला हात.
ड्राइव्हचे झाकण मेन बंद करून दहा मिनिटांनीच उघडावे, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते.
अर्थिंग तुटलेले दिसले तर मशीन चालवू नये.

नवा ड्राइव्ह बसवल्यावर पहिली परीक्षा अशी घ्या: जॉब न लावता मशीन सुरू करा, मेन बंद करा, थोडे थांबून पुन्हा चालू करा. चक जागचा हलता कामा नये. हलला तर ज्याने जोडणी केली त्याला परत बोलवा, त्याच्याशी भांडा, पण तसेच काम सुरू करू नका. मग कंपनी कुठली हे विचारा. त्याचे माझे उत्तर साधे आहे: लातूर, उदगीर किंवा नांदेडला जिचा दुरुस्तीवाला तुम्हाला माहीत आहे, ती.

असो. लेख लांबला. ज्यांनी आपापल्या मशीनला ड्राइव्ह बसवला आहे, त्यांनी लाईट परत आल्यावर तो काय करतो, एवढे मात्र नक्की कळवा.