केसाने गळा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी भाषांतराचा पेपर शिकवतो. परवा फळ्यावर 'बुझम फ्रेंड' असे लिहिले आणि याला मराठीत काय म्हणाल, म्हणून विचारले. इंदापुराहून रोज एस्टीने बारामतीला येणारा एक विद्यार्थी ताडकन् उठून म्हणाला, "सर, छातीचा मित्र!"

वर्ग हसला, मीही हसलो. पण पोर अगदीच चुकले नव्हते. इंग्रज मित्राला छातीशी धरतो, आणि तोच मित्र उलटला की सुरा पाठीत खुपसतो. आपला सारा व्यवहार मात्र गळ्यापाशी. जिवश्चकंठश्च मित्र, गळ्यातला ताईत, गळ्यात गळा घालून हिंडणे; आणि दगा दिला म्हणजे केसाने गळा कापणे! १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाने तर दोन्ही एकदम साधायचे ठरवले होते: भेटीच्या मिषाने मिठी, आणि मान काखेत दाबून कुशीत कट्यार. साप तेवढा दोघांच्याही भाषेत आहे. त्यांनी तो उराशी ऊब देऊन पाळला, आपण अस्तनीत.

पाठीतला खंजीर बारामतीकरांना नवा नाही, म्हणा. १९७८ साली वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून वर्तमानपत्रांनी तो इतका वापरला आहे की त्याची धार बोथट झाली. केसाचे तसे नाही. केसाने कापायला माणूस किती जवळचा हवा!

हे मला जामीनकीने शिकवले. पुण्यात शिकत असताना मी आणि इंदापूरकडचा एक मित्र एका खोलीत राहत होतो. खाणावळीचा एक डबा दोघांत पुरवत होतो. पुढे त्याने डाळिंबाच्या बागेसाठी कर्ज काढले. जामीन म्हणून मी न वाचताच सही केली. काही दिवसांनी त्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून कापू लागले. ना पत्र, ना फोन. "सही करताना मला विचारलं होतंत?" हा प्रश्न घरात दर एक तारखेला होई. भेटेल त्याला मी सांगत सुटलो, त्याने केसाने गळा कापला.

त्याच्या बागेवर तेल्या पडून सगळी झाडे उपटावी लागली, हे मला तिसऱ्याकडून कळले होते. इंदापूर काही विलायतेत नाही. तरी मी फिरकलो नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी त्याचे पाकीट आले. निम्मी रक्कम, आणि खाली एक ओळ: 'बाकीचे पुढल्या वर्षी. तोवर झालेगेले गंगेला मिळाले म्हण.'

इंग्रज अशा वेळी पाणी पुलाखालून वाहून गेले म्हणतो. मी पडलो मास्तर. पैशाची पोच देतानाही चूक काढली. लिहिले, 'आपली कऱ्हा गंगेला मिळत नाही. ती सोनगावाजवळ नीरेला मिळते, नीरा नरसिंगपूरला भीमेला, आणि भीमा पुढे कृष्णेला.'

उलट टपाली कार्ड आले: 'मग नरसिंगपूरला ये. संगमावर बसू. डबा एकच आणतो.'

भाऊबीजेनंतरच्या रविवारी जायचे ठरवले आहे. कुठल्याही कागदावर सही करायची नाही, एवढे मात्र हिने बजावले आहे.