परिचारिकेच्या हातची लेखणी

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सेवाभावाची, त्यागाची आणि त्या सुप्रसिद्ध दिव्याची महती सर्वत्र गाइली जाते. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या हाताने दिवा धरला त्याच हाताने या बाईंनी आयुष्यभर आकडेही लिहिले, हे सांगावयास वक्ते सहसा विसरतात. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने सभासद करून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. सुईणींच्या शिक्षणासाठी त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेला लंडनमधील प्रसूतिकक्ष सूतिकाज्वराच्या मृत्यूंमुळे बंद करावा लागला, तेव्हा दैवाला बोल लावून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आकडे जमवून, घरी होणाऱ्या बाळंतपणांशी त्यांची तुलना करून १८७१ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या परिचर्या विद्यालयांतून आज शिकणाऱ्या मुलामुलींना या दुसऱ्या नाइटिंगेलची ओळख अधिक अगत्याने करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

माता व नवजात आरोग्याची आकडेवारी हा या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग आहे. गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्या अवस्थेशी निगडित कारणाने आलेला मृत्यू तो माता-मृत्यू. त्याचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे काढावयाचे. पहिल्या २८ दिवसांत दगावलेले मूल नवजात-मृत्यूंत धरावयाचे, वर्षाच्या आत दगावलेले अर्भक-मृत्यूंत. ही प्रमाणे दर हजारी. व्याख्या पाठ होतात, परीक्षा होते, व्याख्या विसरल्या जातात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आरोग्यखात्याचे अहवाल ज्या नोंदींवर उभे असतात त्या नोंदी आपल्याच हातून लिहिल्या जाणार आहेत, ही जाणीव त्यांच्या मनावर क्वचितच ठसविली जाते. बाळ किती वाजता जन्मले, रडले की नाही, वजन किती भरले, आईचा रक्तदाब किती होता, हे प्रथम कागदावर उतरविणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते. ती ओळ खोटी पडली की पुढची प्रत्येक बेरीज खोटी पडते.

देशाचे आकडे सुधारले आहेत, याविषयी वाद नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१-०३ या काळात माता-मृत्यूंचे प्रमाण लाखामागे ३०१ होते; २०१८-२० मध्ये ते ९७ वर आले. मात्र त्याच ९७ च्या पांघरुणाखाली केरळचे १९ आणि आसामचे १९५ शेजारी शेजारी निजलेले आहेत. सरासरी सांगते तितकेच लपविते, हा सांख्यिकीचा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या गोव्यासाठीच आहे. माता-मृत्यूंच्या त्या अहवालात गोव्याचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला नसतो; लहान राज्यांसमवेत तो ‘इतर राज्ये’ या रकान्यात जातो. कारण सरळ आहे. वर्षाकाठी वीस हजार जन्म होणारा एखादा प्रदेश घ्या. तेथे वर्षात एक माता दगावली तर प्रमाण पाच होते, चार दगावल्या तर वीस. एका वर्षी पाच आणि पुढच्या वर्षी वीस, म्हणून आरोग्यव्यवस्था चौपट बिघडली असे म्हणता येत नाही. आणि उलट झाले तर मंत्र्यांनी हारतुरे स्वीकारावेत असेही नाही. शिवाय सावंतवाडी-दोडामार्गाकडून आणि कारवारकडून अत्यवस्थ रुग्ण बांबोळीला आणले जातात. त्यांतील एखादी माता तेथे दगावली तर रुग्णालयाच्या वहीत तिची नोंद होते, पण तिच्या गावचे जन्म गोव्याच्या हिशेबात नसतात. अंश एकीकडचा आणि छेद दुसरीकडचा घेतला, तर निघणारे प्रमाण कोणाचेच नसते.

म्हणून लहान राज्याने प्रमाणावर विसंबून न राहता प्रत्येक मृत्यू वाचावयास शिकले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यात शंभरातील नव्याण्णवांहून अधिक प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. ही मोठीच मजल आहे. पण त्याच पाहणीत गोव्यातील सुमारे चाळीस टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते. देशाचे प्रमाण साडेएकवीस टक्के आहे. गरोदर स्त्रियांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणींना रक्तक्षय असल्याचेही तीच पाहणी सांगते. माता दवाखान्यात पोहोचली म्हणजे प्रश्न संपला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे दोन आकडे एकत्र वाचावेत. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला इतरांना सोसवेल एवढा रक्तस्रावही सोसवत नाही.

आणि हा रक्तस्राव मोजतो कोण? आजवर तो बहुतांशी नजरेच्या अंदाजाने मोजला गेला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रसूत स्त्रीखाली खुणा आखलेली साधी प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजण्यात आले आणि मर्यादा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू करण्यात आले. अंदाजावर चालणाऱ्या रुग्णालयांत अतिस्रावाच्या निम्म्याच घटना ध्यानात येत होत्या. मोजणाऱ्या रुग्णालयांत शंभरातील ९३ ध्यानात आल्या. गंभीर परिणामांत ६० टक्के घट झाली. मोजणे हाही उपचाराचाच भाग आहे, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

नवजात बालकांविषयीचा पुरावा तर आपल्याच भाषेच्या मुलखात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवण्यास आणि तान्ह्या बाळाची घरी शुश्रूषा करण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांचे शिक्षण जेमतेम शालेय, त्यांनी हे केले. मग रीतसर शिकलेल्या आमच्या परिचारिकांना ते का साधू नये?

साधण्याच्या आड एकच गोष्ट येते, ती म्हणजे भीती. माता दगावली की नातेवाईकांचा संताप, वरिष्ठांचा जाब आणि वृत्तपत्रांतील मथळे यांचा पहिला तडाखा बहुधा पाळीवरच्या परिचारिकेला बसतो. अशा वेळी वेळा मागेपुढे लिहिण्याचा, मोघम शेरा मारण्याचा मोह होतो. केंद्र सरकारने २०१० साली माता-मृत्यूंच्या परीक्षणाची पद्धत घालून दिली आणि २०१७ साली ती सुधारली. नाव घेऊ नये, दोष लावू नये, कारण शोधावे, हे तिचे तत्त्व आहे. ते कागदावर राहू नये. खरे लिहिणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी खाते उभे राहिले पाहिजे, आणि आम्हां वृत्तपत्रांनीही चौकशीपूर्वी गुन्हेगार ठरविण्याची घाई आवरली पाहिजे. प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना अशा परीक्षणांना बसू द्यावे. नावे वगळलेल्या खऱ्या प्रकरणांवर त्यांच्याकडून हिशेब करवून घ्यावेत. चार व्याख्यांपेक्षा एका मृत्यूचा नीट मांडलेला हिशेब त्यांना अधिक शिकवील.

सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. त्या रात्री घर जागत असे, कारण पहिले दिवस धोक्याचे हे आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होते. नवजात-मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, असे आजचे शास्त्रही सांगते. आता त्या पहिल्या रात्री जागण्याचे काम प्रसूतिकक्षातील परिचारिकेकडे आले आहे. तिने त्या रात्री काय पाहिले ते तिला निर्भयपणे, जसेच्या तसे लिहू द्यावे. पुढच्या आईचे प्राण पुष्कळदा त्या एका ओळीवर अवलंबून असतात.